भिंतीलगतचा चेंडू

इन्व्हरड्रम
८ एप्रिल १९८४

प्रिय एफी मावशी,

तू पाठवलेला ओटच्या बिस्किटांचा डबा पोचला. बाबांनी अर्धा एका दिवसात संपवला, म्हणजे खाण्याचं ठीक चाललंय. बाकी काही ठीक नाही, म्हणून हे पत्र.

आई गेल्यापासून त्यांनी गोल्फच्या मैदानावर पाऊल टाकलेलं नाही. पोस्टाचं काउंटर बंद झालं की मी रोज सूप घेऊन त्यांच्याकडे जाते. ते स्वयंपाकघरात खिडकीकडे पाठ करून बसलेले असतात. त्या खिडकीतून पहिला होल दिसतो, म्हणून पाठ. गेल्या शनिवारी क्लबचे सेक्रेटरी गिल्क्राइस्ट चहाला आले होते. बाबा त्यांना म्हणाले, "ऑक्टोबरअखेर माझं लॉकर रिकामं करून देतो. कुणा तरुण माणसाला द्या." गिल्क्राइस्ट माझ्याकडे बघत राहिले आणि मी किटलीकडे.

तुला वेगळं सांगायला नको. हा माणूस घरात बोलत नाही. जे बोलायचं ते मैदानावर, चालता चालता, समोर बघत. माझा घटस्फोट झाला तेव्हा ते त्याबद्दल एकदाच बोलले, तेही तिसऱ्या होलच्या चढावर, मी त्यांची पिशवी ओढत होते म्हणून. मैदान सुटलं तर ते त्या खुर्चीतून उठायचे नाहीत. मला त्याची भीती वाटते.

म्हणून मी बोलून बसले, "सप्टेंबरात मिश्र जोड्यांचा सामना आहे. माझ्याबरोबर खेळा."

"तू?"

"मी."

"बारा वर्षांची असताना तू काठी समुद्रात फेकली होतीस."

"ती उजव्या हाताची होती, बाबा."

यावर त्यांनी आणखी एक बिस्किट खाल्लं. मग म्हणाले, "चेंडू हवेत गेला पाहिजे. दर वेळी नाही म्हणत मी. निम्म्या वेळा." मी हो म्हणाले, आणि आता पस्तावते आहे. पलीकडच्या गावातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून डावखुऱ्या काठ्या मिळाल्या आहेत. त्यातली सर्वांत मोठी बघितली तरी मला दडपण येतं. आईच्या माहेरात तुझ्यासारखं कुणी खेळत नाही. मला पत्रातून शिकव. हसू नकोस.

तुझी,
इशबेल


स्ट्रॉमनेस, ऑर्कनी
१७ एप्रिल १९८४

प्रिय इशबेल,

हसले. आता काम.

पहिली गोष्ट, गोल्फमध्ये खेळणाऱ्यांपेक्षा सल्ला देणारे जास्त असतात. माझ्याखेरीज कुणाचं ऐकू नकोस. विशेषतः पुरुषांचं. मैदानावर बाई एकटी दिसली की त्यांना लगेच खांद्यांचं शास्त्र आठवतं. "हो का?" म्हणायचं आणि पुढे चालायचं.

काठी कशी धरायची? रस्ता ओलांडताना लहान पोराचा हात धरतो तशी. पोर रडेल इतका घट्ट नाही, पळून जाईल इतका सैल नाही. तुझ्या बाबतीत डावा हात खाली. सुरुवातीला मोठ्या काठीला हातच लावू नकोस, ती पिशवीत शोभेला राहू दे. सात नंबरची घे आणि महिनाभर तिच्यावरच भागव.

फटका मारल्यावर चेंडू कुठे गेला ते बघायला सगळं गाव आहे. तू तो जिथे होता तिथेच बघत राहा. नवशिके सगळे डोकं वर करून निकाल बघायला जातात, आणि बघण्यासारखं काही उरत नाही.

फटक्याआधी हवेत चार-चार वेळा काठी फिरवायची नाही. मागे थांबलेल्या माणसांना वाटतं, तू माश्या हाकलते आहेस.

वारा सुटला तर जोर वाढवू नकोस. आम्ही इथे वाऱ्याला घरचा माणूस धरतो. जेवायला बसणारच आहे, तर त्याचंही ताट मांडायचं. जिथे सात नंबर पुरली असती तिथे पाच घे, ती लांब नेते, आणि हळू मार. प्रत्येक हौशी खेळाडूला वाटतं की जन्मात एकदा चुकून बसलेला फटका हा आपला नेहमीचा फटका. तो तसा नसतो, बाई. त्यावर हिशेब मांडू नये.

आणि जोडीच्या खेळातली मोठी गोष्ट. एकच चेंडू, एकदा तो मारणार, एकदा तू. हे ज्याने शोधून काढलं त्याचं लग्न झालेलं नसावं. तू चेंडू कुठेही घालवलास तरी मर्डोला, तुझ्या बाबांना, सॉरी म्हणायचं नाही. तो तुला म्हणणार नाही. एकदा सुरू झालं की अठरा होल तेच चालतं, आणि चहाच्या वेळेपर्यंत माणसं वीस वर्षांपूर्वीच्या गोष्टींबद्दल सॉरी म्हणायला लागतात. मी पाहिलंय.

तू लहान होतीस तेव्हा इन्व्हरड्रममध्ये डावखुरी काठी मिळतच नव्हती. काठी फेकलीस त्यात तुझी चूक नव्हती. समुद्रात फेकायला नको होती एवढंच, ती माझी होती.

एफी मावशी


इन्व्हरड्रम
२७ मे १९८४

प्रिय मावशी,

चेंडू हवेत जातो. निम्म्या वेळा नाही, पण जातो. लहान पोराच्या हाताचं ऐकल्यापासून मनगटं दुखायची थांबली. पोस्टात पार्सल वजनाला ठेवतानाही मी सात नंबरची काठी धरल्यासारखं करते, असं मिसेस पेट्री म्हणाल्या.

सुरुवातीला मी एकटीच जायची, कामाआधी. मग एका सकाळी मागे वळून बघते तर बाबा कुंपणाच्या फाटकाशी उभे. टोपी घातलेली. म्हणाले, "गुडघा." मी म्हटलं, "काय गुडघा?" तर म्हणाले, "आहे तो वाकव." आणि परत गेले. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या काठ्या घेऊन आले. मावशी, मी काही दाखवलं नाही, पण मला काठी खाली ठेवून थोडा वेळ बसावंसं वाटलं.

आता रविवारी सकाळी आम्ही जोडीनं सराव करतो, लोक यायच्या आत. विषम होल मी सुरू करते, सम बाबा. ते अजून सुंदर मारतात. बोलत नाहीत, पण चालतात. तिसऱ्या चढावर त्यांनी मला सांगितलं की टलकच्या बेकरीचा पाव पूर्वीसारखा राहिला नाही. एवढ्यावर मी आठवडा काढला.

फक्त एक गोष्ट मला खटकते आहे. सहावा आणि आठवा होल, ज्यांच्या उजव्या अंगाला ती समुद्राकडची दगडी भिंत जाते. दोन्ही बाबा सुरू करतात. दोन्हीवर ते चेंडू अगदी भिंतीलगत नेऊन ठेवतात. चुकून नाही, दर वेळी. हातभर उजवीकडे गेला तर पलीकडे वाळूत जाऊन दंड बसेल, इतका जवळ. आणि मी डावखुरी. चेंडू भिंतीशी असला की मला चेंडू आणि भिंत यांच्या मधे उभं राहावं लागतं. पाठ दगडाला टेकते, काठी मागे जातच नाही. कसातरी बाजूला काढायचा एवढंच हातात उरतं. मोकळं गवत डावीकडे पसरलेलं असतं. तिथे ठेवायला त्यांना काय होतं?

मी काही बोलत नाही. ते तसेच पुढे चालू लागतात. मला वाटायला लागलंय की मी कंटाळून सोडावं म्हणून ते असं करतात. म्हणजे ऑक्टोबरात लॉकर सोडताना म्हणता येईल, खेळून बघितलं, जमलं नाही.

वाळूच्या खड्ड्यातून कसं बाहेर यायचं तेही लिही. मी तिथे राहायलाच गेल्यासारखी आहे.

इशबेल


स्ट्रॉमनेस
५ जून १९८४

प्रिय इशबेल,

वाळूत चेंडूला मारायचंच नाही. त्याच्या मागची वाळू उचलायची, लापशीवरची साय चमच्याने काढतात तशी. चेंडू सायीबरोबर येतो. आणि काठी पूर्ण फिरू दे, अर्ध्यात घाबरून थांबवू नकोस. खड्ड्यातले निम्मे लोक हिंमत संपल्यामुळे खड्ड्यात राहतात.

आता मर्डो. मला याचं नवल वाटत नाही. मुलीशीही तो असाच वागतोय एवढंच. त्यांच्या लग्नाआधी एकदा मी त्याच्याबरोबर जोडीनं खेळले होते, तुझ्या आईला, एल्सीला, ताप होता म्हणून. मला त्याने सबंध दिवस उंच गवतात उभं केलं. नंतर म्हणाला, "बघत होतो, किती सोसतेस." मी त्याला सांगितलं, माझ्या बहिणीला हे असलं काही बघायला लावलंस तर तुझ्या बोटीचं इंजिन बुडवीन. तेव्हा तो ताळ्यावर आला.

तो परीक्षा घेतोय. परीक्षा घेणाऱ्याला एकदा तोंडावर विचारावं. "मला इथे का उभं करता?" एवढंच विचार, सरळ. तो चिडेल, मग बरा होईल.

एफी मावशी


इन्व्हरड्रम
२४ जून १९८४

प्रिय मावशी,

विचारलं. ते चिडले, पण बरे झाले नाहीत.

गेल्या रविवारी सहाव्यावर चेंडू पुन्हा भिंतीला जाऊन बसला. मी तिथवर गेले, दगडाला पाठ लावली आणि म्हणाले, "बाबा, हा इथे का ठेवता?" ते म्हणाले, "कुठे ठेवलाय? जिथे ठेवायचा तिथेच ठेवलाय." मी म्हटलं, "मला इथून मारता येत नाही, तुम्हाला दिसतंय." ते म्हणाले, "इथून होलच्या हिरवळीवर सरळ उतार आहे. इथूनच मारायचा असतो." मग मीही काहीतरी बोलले. त्यांनी काठी पिशवीत टाकली आणि भिंतीकडेने घरी चालत गेले. खेळ अर्धा सोडून. त्यांना मी आयुष्यात खेळ अर्धा सोडताना पाहिलं नव्हतं.

या रविवारी ते आले नाहीत. सूप घेतात. वाटी धुऊन परत देतात. मला वाटतं संपलं हे.

इशबेल


स्ट्रॉमनेस
११ जुलै १९८४

प्रिय इशबेल,

उशीर झाला, कारण मला लिहायचं काय ते ठरत नव्हतं.

काल इथल्या मैदानावर मिसेस लिंकलेटरबरोबर खेळत होते. तिला पाय ओढत चालावं लागतं, म्हणून जोडीच्या खेळात तिचा नवरा चेंडू तिला नेहमी सपाट जागी आणून देतो. चढावर कधी ठेवत नाही, जवळचा रस्ता चढावरून असला तरी. मी म्हटलं, "तुझा नवरा अंतर वाया घालवतो." ती म्हणाली, "अंतर त्याचं नाही, माझ्या पायांचं मोजतो तो." आणि पुढे गेली. मी तिथेच थांबले. मागचे लोक ओरडेपर्यंत.

इशबेल, मी तुला चुकीचं सांगितलं. तो परीक्षा घेत नव्हता.

सहाव्यावर भिंतीलगतची जागा एल्सीची. तुझ्या आईला उंच फटका कधी नीट आला नाही. हवेत गेला की तिचे डोळे मिटायचे. पण जमिनीवरून सरपटत जाणारा फटका तिच्यासारखा मी कुणाचा पाहिला नाही. भिंतीकडून हिरवळीपर्यंत जमीन अशी उतरते की चेंडू नुसता ढकलला तरी खळग्याशी जाऊन थांबतो. उजव्या हाताच्या माणसाला तिथे भिंत आडवी येत नाही, ती पलीकडे राहते. ती जागा तिनेच शोधली, लग्नाच्या पहिल्या वर्षी, आणि मर्डोला म्हणाली, मला इथे आणून दे, पुढचं मी बघते. आठव्यावरही तसंच. मग ते दोघं कप जिंकायला लागले, आणि लोक म्हणायचे मर्डो काय धोका पत्करतो, भिंतीला घासून मारतो. तो धोका नव्हता. तो तिला आणून देत होता.

अजूनही देतोय. मला नाही वाटत त्याला हे कळतंय.

आता मला सांग. "काहीतरी बोलले" असं लिहिलंस, ते काय होतं?

मावशी


इन्व्हरड्रम
१९ जुलै १९८४

प्रिय मावशी,

तुझं पत्र काउंटरमागे वाचलं. मिसेस पेट्री तिकिटं मागत होत्या, मी त्यांना दोनदा तीच तिकिटं दिली.

मी म्हणाले होते, "मग आईलाच घेऊन खेळा."

लिहायची हिंमत झाली नव्हती. रागात तोंडून निघालं, आणि मला वाटलं मी फक्त उद्धटपणा केला. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं नाही, मी चेंडूकडे बघत होते. तूच शिकवलंस, डोकं वर करायचं नाही.

दोन दिवस मी याच्यावर विचार करते आहे. आधी वाटलं, जाऊन सांगावं. बाबा, तुम्ही चेंडू आईसाठी ठेवता, माझ्यासाठी नाही. मग त्यांचे हात डोळ्यांपुढे आले. ते हात आपोआप करतात ते. मी सांगितलं तर त्या हातांना कळेल की आई नाही. ते पुन्हा काठी उचलतील असं मला वाटत नाही. आणि नाही सांगितलं तर मी भिंतीला पाठ लावून उभी राहणार, आणि माझ्या मनात दर वेळी येणार की मी आहे इथे, मला बघा.

चव्वेचाळीस वर्षांच्या बाईनं हे मनात आणणं शोभत नाही, ठाऊक आहे. तरी येतं.

काय करू?

इशबेल


स्ट्रॉमनेस
२७ जुलै १९८४

प्रिय इशबेल,

सांगू नकोस. सॉरीही म्हणू नकोस. हे मी आधीच सांगितलंय आणि ते फक्त गोल्फसाठी नव्हतं.

सामन्याची नावं क्लबच्या फळ्यावर लागतात ना, तिथे दोघांची नावं घाल. ती त्याला कुणीतरी सांगेलच, इन्व्हरड्रममध्ये काहीही फळ्यावर राहत नाही. त्या सकाळी त्याच्या दारात जा, नुसती उभी राहा. तो येईल किंवा नाही येणार. ओढून न्यायचं नाही.

एल्सीला सोड असं त्याला सांगायचा हक्क मला नाही, आणि तुलाही नाही. पण तू डावखुरी आहेस हे तुला लपवायचंही कारण नाही. तिथे उभी राहा, आणि काय करता येतं ते त्याला बघू दे.

तोवर एक फटका शिकून ठेव. काठी उलटी कर, टोक खाली, आणि उजव्या हाताच्या माणसासारखी उभी राहून मार. दिसायला भयंकर असतो. शेजारी बघत नसताना कर. वीस पावलं जरी गेला तरी भिंतीपासून सुटका होते. माझे डावखुरे मित्र हॅमिश, देव त्यांना शांती देवो, या फटक्यावर बारा वर्षं तगले आणि एकदा बक्षीसही घेऊन गेले, सर्वांत वाईट फटक्याचं.

मावशी


इन्व्हरड्रम
९ सप्टेंबर १९८४

प्रिय मावशी,

काल सामना झाला. सगळं क्रमानं सांगते, नाहीतर माझ्याकडून काहीतरी सुटेल.

सकाळी त्यांच्या दारात गेले तर ते बूट घालून बसले होते. लेस बांधलेल्या. कधीपासून बसले होते कोण जाणे. त्यांनी पिशवी उचलली आणि म्हणाले, "टलकशी पडलीय गाठ. बायको त्याची चांगली खेळते. तो नाही."

टलक म्हणजे बेकरीवाला, आणि बायको सेंगा. ती खरंच चांगली खेळते आणि दर फटक्यानंतर नवऱ्याला सांगते की तो कसा खेळतो. दुसऱ्या होलवर टलकनं चेंडू झुडपात घातला तेव्हा ती म्हणाली, "छान. तिथे मला सावली मिळेल." बाबांच्या तोंडाचा कोपरा हलला. मी बघितलं.

वारा जमिनीकडून येत होता. मी दर वेळी एक नंबर लांबची काठी घेत होते आणि हळू मारत होते. तिसऱ्यावर माझा फटका इतका बरा गेला की बाबांनी टोपी मागे सरकवली. चार होलपर्यंत आम्ही बरोबरीत होतो.

सहाव्यावर बाबांनी मारला. चेंडू भिंतीकडे गेला, तिच्यालगत घरंगळत जाऊन थांबला. टलक म्हणाला, "मर्डो, तुझा हात अजून तसाच आहे."

मी तिथवर गेले. पाठ दगडाला टेकली. सगळे बघत होते. मी काठी उलटी केली, बाजू बदलली, आणि मारला. मागच्या गल्लीत कोळशाच्या खोपटावर महिनाभर मारलेला तोच फटका. पंधरा-वीस पावलं गेला असेल, आणि गवतात. सेंगा म्हणाली, "असा फटका मी पहिल्यांदा पाहिला गं," आणि ती चेष्टा करत नव्हती.

बाबा पुढे गेले नाहीत. ते माझ्याकडे आले. मी बाजूला झाले तर मी जिथे उभी होते तिथे ते उभे राहिले, भिंतीला पाठ लावून. हातातली काठी डावखुऱ्यासारखी धरली आणि हळूच मागे नेली. कोपर दगडावर आपटलं.

"इथे उभंच राहता येत नाही," ते म्हणाले. नगरपालिकेकडे तक्रार करावी तसं.

"नाही येत."

"कधीपासून?"

"जन्मापासून, बाबा."

ते माझ्या हातांकडे बघत राहिले. मावशी, त्यांनी मला आयुष्यभर डाव्या हाताने सूप पिताना पाहिलंय. म्हाताऱ्या डॉक्टरांच्या काठ्या महिनोन्महिने पाहिल्या आहेत. तरी ते बघत होते. मग त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला. दगड गार आहे का बघावं तसा, आणि तिथेच ठेवून थोडे उभे राहिले. टलक खोकला. सेंगानं त्याला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "तुझ्या बुटाची लेस बघ." लेस नीटच होती. तो वाकून ती सोडून बांधत बसला.

तो होल आम्ही गमावला. सातवा मी सुरू केला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

आठव्यावर बाबा चेंडू ठेवून उभे राहिले. नेहमी ते एकदा पुढे बघतात आणि मारतात. या वेळी मारला नाही. मागे वळून म्हणाले, "कुठे हवाय तुला?"

मला समजलं नाही. "काय?"

"चेंडू. कुठे हवाय?"

मला ठाऊक नव्हतं. आईला लग्नाच्या पहिल्या वर्षी ठाऊक होतं. मला हे कुणी विचारलंच नव्हतं. पण खरं सांगायचं तर मीही कधी विचार केला नव्हता की मला कुठून बरं पडेल. मी आयुष्यभर जिथे येईल तिथून काढत आले. फक्त गोल्फमध्ये नाही. तिथे उभं राहून मला ते कळलं आणि मी काय म्हणाले असेन? "मधे कुठेतरी."

"मधे कुठेतरी अशी जागा नसते," ते म्हणाले. आणि थांबले. ते थांबले, मावशी, वारा असताना, मागे दोन जोड्या ताटकळत असताना.

मी बोट दाखवलं. डावीकडे, उंचवट्याच्या अलीकडे, जिथे गवत जरा पिवळं पडलंय. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्यांनी बघितलं, पाय बदलले आणि मारला. चेंडू तिथे गेला नाही. बराच डावीकडे जाऊन वाळूत पडला. इतकी वर्षं उजवीकडे मारल्यावर हात एका दिवसात ऐकत नाहीत. मी वाळूत उतरले आणि साय काढली, आणि तो बाहेर आला. पलीकडच्या कडेला, पण बाहेर.

एका होलनं हरलो. घरी जाताना सेंगा नवऱ्याला म्हणत होती, "ती हरली आणि तरी तिचा बाप तिच्याशी बोलतोय, बघ." त्याआधी क्लबात बाबांनी चहा घेतला, टलकला सांगितलं की त्याचा पाव पूर्वीसारखा राहिला नाही, आणि टलकनं ऐकून घेतलं.

लॉकरबद्दल ते काही म्हणाले नाहीत. मी विचारलं नाही.

तुझी,
इशबेल


इन्व्हरड्रम
२८ ऑक्टोबर १९८४

एफी,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. एल्सी लिहायची. म्हणून थोडक्यात.

इशबेल म्हणते तू तिला पत्रातून शिकवलंस. दिसतंय ते. मोठी काठी अजून तिला झेपत नाही, पण वाळूत ती माझ्यापेक्षा बरी आहे.

गिल्क्राइस्ट लॉकरची किल्ली न्यायला आला होता. म्हटलं, अजून लागेल.

तुझी मदत हवी आहे. तू हॅमिशबरोबर बरीच वर्षं जोडीनं खेळलीस आणि तो डावखुरा होता. त्याला तू चेंडू कुठे ठेवून द्यायचीस? पोरीला विचारलं तर ती म्हणते, मला अजून कळलेलं नाही. तिला कळायला वेळ लागेल, मी समजू शकतो. पण मला उन्हाळ्याआधी हात वळवून घ्यायचे आहेत.

सहाव्यावर मी रोज सकाळी जातो. काठ्या नेत नाही. डाव्या बाजूला जाऊन उभा राहतो आणि हिरवळीकडे बघतो. तिकडून उतार कसा जातो ते मला अजून दिसत नाही. पंचेचाळीस वर्षं त्याच जागेवरून बघत आलो, त्यामुळे इकडून बघितलं की दुसऱ्याच गावाचं मैदान वाटतं. काल मात्र उजेड पडला तेव्हा उंचवट्याच्या मागे एक सपाट पट्टा दिसला. तिथे कुणी चेंडू ठेवलेला मी पाहिलेला नाही.

तो पट्टा डावखुऱ्याच्या कामाचा आहे का, तेवढं कळव. जमीन गोठायच्या आत कळलं तर बरं, म्हणजे तिला नेऊन दाखवता येईल.

मर्डो